ब्रेक म्हणजे शंका

माझ्या नणंदेला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एकाच जागी गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडली की उठायची आणि उलट्या दिशेने फिरायला लागायची, म्हणून माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं ते नाव. पुढे ती ट्रॅकवर सायकल चालवू लागली आणि नाव अंगाला कायमचं चिकटलं. मी मात्र तिला ताई म्हणते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मला बजावलं होतं, "वहिनीबिहिनी मी म्हणणार नाही हं. तू मला ताई म्हण, मी तुला नावाने हाक मारीन. भांडण झालं की दोघींनी तोंडात मिठाची गुळणी धरायची." भांडणं पुष्कळ झाली. मिठाची गुळणी कुणीच धरली नाही.

ट्रॅक म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शहराच्या टोकाला एक मोठी बंदिस्त इमारत आहे. आत लाकडी फळ्यांचा लंबगोल रस्ता, दोन्ही टोकांना भिंतीसारखा उभा चढलेला. त्यावर चालवायच्या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर नसतो, आणि पायडलला उसंत नसते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, म्हणजे पायही फिरणार. वेग कमी करायचा तर पायांनी मागे रेटत राहायचं. एकदम थांबायची सोयच नाही. ऐकून अंगावर काटा येतो, पण तिथे ते बरोबर असतं. तिथे सगळे एकाच दिशेने, एकामागे एक, हातभर अंतरावर धावतात. एकाने मध्येच ब्रेक दाबला तर मागची सगळी माळ त्याच्या अंगावर येऊन पडेल.

ताई तिशी उलटेपर्यंत तिथे शर्यती करत होती. बक्षिसं मिळवली, ती एका पत्र्याच्या पेटीत घालून वर ठेवून दिली. मग गुडघा कुरकुरू लागला. एका सकाळी ती सायकलवरून उतरली आणि पायऱ्यांवर तासभर बसून राहिली. घरी येऊन भावाला म्हणाली, "मला काहीतरी काम दे. हात अजून चालतात." तेव्हापासून ती आमच्या दुकानात आहे. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "गोल गोल फिरण्यातच वय गेलं. सात फेरे घ्यायला पाय कुठून आणू?"

आमचं दुकान म्हणजे जुनं गोदाम, मधोमध काचेची भिंत, वर आमच्या राहायच्या खोल्या. पुढच्या बाजूला माझं शिलाई मशीन. मी कपडे आखूड करते, उसवते, अस्तर बदलते. काचेच्या मागे माझा नवरा सायकलीच्या फ्रेम बनवतो. पोलादी नळ्या गॅसच्या ज्योतीवर तापवून पितळेने जोडतो आणि मग दिवसचे दिवस कानस फिरवत बसतो. ताई चाकं बांधते. एकेक तार बोटाने छेडून कान लावते, सूर लागला की पुढची. दोघं भाऊबहीण दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलत, त्यातली दोन भांडणाची.

एक मोठा फॅशन डिझायनर आमच्याकडे आला तेव्हा आधी माझ्या टेबलापाशी थांबला. माझ्या हातातल्या स्कर्टची कड उलटून पाहिली आणि विचारलं, "हाताने घातलीये?"

आतून ताई ओरडली, "कोण आलंय गं?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "शिंपी आहे मी."

त्याची दुकानं कुठल्या कुठल्या देशांत आहेत ते आम्हाला मागाहून कळलं. पण तोवर ताईने त्याचं बारसं करून टाकलं होतं. शिंपीबुवा. त्याला ते आवडलं असावं, कारण पुढे फोन केला की तो स्वतःच म्हणायचा, "शिंपीबुवा बोलतोय."

त्याला माझ्या नवऱ्याकडून ट्रॅकच्या सायकली करून हव्या होत्या. मोजक्याच. एका रंगाच्या, त्याच्या कोटांना वापरतात त्याच चामड्याची सीट आणि मुठी, आणि प्रत्येक सायकलीबरोबर एक कोट. विकायच्या त्याच्या दुकानांतून.

"सायकल म्हणजे खुंटी नव्हे, कुणाचे कोट अडकवायला," नवरा म्हणाला. त्याने हातातली कानस खालीसुद्धा ठेवली नव्हती.

"खुंटी नाही तर काय?" ताई म्हणाली. "तू केलेल्या निम्म्या सायकली लोकांच्या माळ्यावर धूळ खातायत. त्यापेक्षा कोट बरा."

शिंपीबुवा हसला नाही. भिंतीला टेकवलेल्या एका उघड्या फ्रेमजवळ उकिडवा बसला आणि वरच्या नळीवरून बोट फिरवत म्हणाला, "मी आयुष्यभर माणसं झाकायचं काम केलं. ही वस्तू काहीच झाकत नाही. एक नळी जास्तीची नाही, एक भोक जास्तीचं नाही. असा एक कोट मला जमला असता तर मी दुकान बंद करून घरी बसलो असतो."

नवऱ्याचं मत काही बदललं नाही. शिंपीबुवा गेल्यावर म्हणाला, "सायकल हवी तो सायकल मागतो. कोट हवा तो कोट मागतो. दोन्ही एकदम मागणाऱ्याला काय हवंय ते त्यालाच माहीत नसतं, आणि असं गिऱ्हाईक वाईट."

मी शिंपीबुवाने ठेवून दिलेला नमुन्याचा कोट उलटा करून पाहत होते. आतल्या शिवणी बाहेरच्यांइतक्याच नेटक्या. जिथे कुणाची नजर कधी जाणार नाही तिथे बगलेत त्याने चौकोनी ठिगळ लावलं होतं, हात वर केला तर ताण बसू नये म्हणून. इतकं आतून स्वच्छ काम करणारा माणूस आपल्याला फसवणार नाही, असं मी म्हटलं. कोटापुरतं ते खरं ठरलं.

शेवटी ट्रॅकमुळे ठरलं. तिथल्या फळ्या कुजल्या होत्या, एका वळणावर दोरी बांधून तो भाग बंद केला होता, आणि सगळं पाडून तिथे गोदाम करायचं बोलणं चाललं होतं. शिंपीबुवाची कंपनी नव्या फळ्या घालून द्यायला तयार झाली. ते ऐकल्यावर ताई म्हणाली, "फळ्या घालणार असशील तर तुझा कोट मी घालते. बुजगावण्यासारखी उभी कर, कुठे हवी तिथे."

ट्रॅकवरच्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. सायकलला लाली-पावडर लावतायत म्हणाले. ताईचा म्हातारा कोच नव्या फळ्यांवर हात फिरवून खूश झाला. मग पहिली तयार सायकल बघून म्हणाला, "नवरी तर छान सजलीये. पण हिचं सासर कुठलं?"

तेव्हा आम्ही सगळे हसलो.

रंगावरूनही वाद झाला. शिंपीबुवाने काळपट जांभळा निवडला होता, कडेला कडेला पिवळसर छटा. तो त्याला संध्याकाळचा रंग म्हणायचा. रंगाऱ्याकडून पहिली फ्रेम आली तेव्हा नवऱ्याने ती खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळली. "मुका मार लागला की तिसऱ्या दिवशी कातडी अशी होते," एवढंच बोलला आणि ती आत नेऊन ठेवली.

जाहिरातीची फिल्म ट्रॅकवर घेतली. ताईने कोट घातला, केस मागे बांधले आणि त्या जांभळ्या सायकलवर बसली. मी कठड्याला टेकून उभी होते. इतक्या वर्षांनी तिला मी फळ्यांच्या वरच्या कडेला चढताना पाहिलं. गुडघ्याने त्रास दिला असणार, पण तोंडावर तसं काही नव्हतं. नवं लाकूड खाली घुमत होतं. ती खाली आली, मंदावली, तेव्हा कॅमेऱ्यामागच्या मुलीने विचारलं, "भीती नाही वाटत, ब्रेक नाही त्याची?"

ताई धापा टाकत होती. तशीच म्हणाली, "ट्रॅकवर ब्रेक म्हणजे शंका. पुढच्याला शंका आली की मागचे सगळे पडतात."

सायकलींच्या उद्घाटनाला आम्ही तिघं गेलो. शहरातले बडे लोक, हातात उंच पेले, मध्ये काचेच्या चौथऱ्यावर सायकल. दिवे गेले आणि मोठ्या पडद्यावर ताई आली. एवढी मोठी, एवढी जवळ, की तिच्या ओठावरचा घाम दिसत होता. चाकांचा आवाज, मग एकदम शांतता, आणि तिचा आवाज: "ब्रेक म्हणजे शंका."

बस्स. तेवढंच. पडदा काळा झाला, दिवे आले आणि टाळ्यांचा कडकडाट.

नवरा माझ्या कानाशी आला. "'ट्रॅकवर' कुठे गेलं?"

ताईनेही ते ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं. चारशे माणसं तिच्याकडे वळून टाळ्या वाजवत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता, जसा मी तोवर कधी पाहिला नव्हता. "अरे, आखूड केलंय," ती म्हणाली. "म्हणी अशाच बनतात."

मी आखूड करण्याचंच काम करते. कापड कापण्याआधी त्यात काय आहे ते मी बघते. पण ती संध्याकाळ तिची होती. ते तीन शब्द कोटाच्या कॉलरवर आतून विणले होते, बरोबर मानेला टेकतील असे. सायकलीच्या खालच्या नळीवरही होते.

सायकली हां हां म्हणता संपल्या. दुसरा लॉट झाला, तिसरा झाला. मग इतर लोकांनी तशाच रंगाच्या स्वस्तातल्या काढल्या. त्यांच्या नळ्या कशा जोडल्या होत्या देव जाणे. नवरा त्या पाहिल्या की मान फिरवायचा. त्या ट्रॅकवर कुणी नेल्या नाहीत. रस्त्यावर आल्या. आमच्या दुकानासमोरच्या उतारावरून त्या जाताना ऐकू यायच्या. साध्या सायकलीवर चालवणाऱ्याने पाय थांबवले की चाकाची टिकटिक होते, ह्यांची होत नाही, फक्त एक सलग घरघर, आणि ती जवळ आली म्हणेपर्यंत गेलेली असते.

ताईला भेटायला लोक दुकानात येऊ लागले. ती काचेमागून उठून पुढे माझ्याजवळ येऊन बसू लागली, लोकांच्या उसवलेल्या पँटींच्या ढिगाशेजारी. सह्या द्यायची, शर्यतींच्या गोष्टी सांगायची, मध्येच गुणगुणायची. गुणगुणायची! माझ्या लग्नाला किती वर्षं झाली, मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. पत्र्याची पेटी खाली आली. बक्षिसं पुसली गेली. नवरासुद्धा एकदा मला म्हणाला, "असू दे. तिला बरं वाटतंय ना."

पण येणाऱ्यांची कोपरं मला दिसायची. खरचटलेली, खपली धरलेली. एकाच्या हनुवटीला टाके होते. तो मोठ्या अभिमानाने ते दाखवत होता आणि ताई त्याच्या फ्रेमवर सही करत होती. मी सुईत दोरा ओवत होते, तो दोनदा चुकला.

मग एका दुपारी एक तरुणी उतारावरून आली. चौकात सिग्नल लाल झाला. तिने पाय मागे रेटले, सायकल नागासारखी वळवळली, आणि ती फुटपाथवर उडी टाकून हातांवर पडली. सायकल एकटीच चालत आली आणि माझ्या दुकानाच्या बाहेरच्या काचेवर आदळली. काच फुटली नाही. आम्ही धावलो. ताईने तिला आत आणून बसवलं, तळहातातले खडे पाण्याने काढले. रडत नव्हती ती. ताईला ओळखून ओशाळली मात्र.

"सॉरी," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मला शंका आली."

ताईचा हात तसाच थांबला. वाटीतलं पाणी लाल होत होतं. काचेमागे कानस थांबल्याचं मला ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी तिने शिंपीबुवाला फोन केला आणि दोन दिवसांत तो आला. ह्या माणसाबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझा नवरा म्हणाला की पुढच्या लॉटला, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्यावर ब्रेकसाठी भोक ठेवू, म्हणजे ज्याला रस्त्यावर न्यायचीये तो ब्रेक लावू शकेल. शिंपीबुवाने मान डोलावली. ताई म्हणाली, "आणि माझा शब्द परत घाला."

"तो घालता येणार नाही," तो म्हणाला.

"का? एक शब्द तर आहे."

तो खुर्चीत थकल्यासारखा बसला. "दुकानावर नाव माझं आहे, ताई. दुकान माझं राहिलेलं नाही. ज्यांनी ते विकत घेतलंय त्यांना आपण सायकल विकतोय असं वाटतच नाही. ते लोक ते वाक्य विकतायत." निघताना त्याने माझ्या टेबलावरचा एक अर्धवट कोट उचलला, शिवण पाहिली आणि ठेवला. "छान," म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

फळ्या नव्या झाल्यापासून ताई सकाळी ट्रॅकवर शिकवू लागली होती, तिथे एक डेंटिस्ट शिकायला येत असे. पंचेचाळिशीचा, सावध, नखं स्वच्छ कापलेला. दुसऱ्या लॉटमधली सायकल त्याने घेतली होती. तो सरळ सांगायचा, "मी कोट घ्यायला गेलो होतो. शेजारी ही होती." जुनी मंडळी अशांना हसायची. पण तो नेमाने यायचा, सायकल गाडीतून आणायचा आणि गाडीतूनच न्यायचा. ताईला तो आवडायचा. "कोटामुळे का होईना, एक तरी खरा सायकलवाला मिळाला," असं ती भावाला मुद्दाम ऐकवायची. तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की ही सायकल ट्रॅकबाहेर चालवायची नाही.

एका सकाळी त्याची गाडी गॅरेजमध्ये होती. तो घरून सायकलवरच निघाला. पाण्याच्या टाकीखालचा उतार मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे एक मालाचा टेम्पो वळत होता. त्याने पाय रेटले. उजवा पाय पायडलच्या पट्ट्यातून सुटला, फिरणारं पायडल नडगीवर बसलं, आणि तो टेम्पोच्या कडेला जाऊन घुसला. जीव वाचला. उजवा हात टेम्पोच्या चाकाखाली गेला.

आम्हाला हे कळलं ते त्याची बायको दुकानात आली तेव्हा. शाळेत शिकवते ती. गाडीच्या मागच्या सीटवर सायकल आडवी घातली होती, वर एक चादर. तिने चादर काढली नाही, आम्हाला काढायला लावली.

"ही दुरुस्त करून आण म्हणतोय," ती म्हणाली. "बोटं हलत नाहीत त्याची. दवाखान्याला कुलूप आहे. आणि ही आधी करून आण म्हणतोय."

नवरा वाकला. "चिमटा वाकलाय. बाकी फ्रेम तर..."

ताईने त्याच्या पायावर पाय दिला.

"सांगा ना त्याला, होत नाही म्हणून," बायको म्हणाली. "माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

ताई तिच्याबरोबर गेली आणि मलाही सोबत ओढलं. डेंटिस्ट खिडकीपाशी बसला होता. हात उशीवर, कोपरापासून खाली लोखंडी सळ्या. दाराच्या मागे तो कोट टांगलेला, बाही फाटलेली. मी शिंपीण, माझी नजर आधी तिथेच गेली.

"कधी होईल?" त्याने विचारलं.

"होत नाही डॉक्टर. नळीला चीर गेलीये. मोडीत काढायची."

"मग दुसरी घेऊ."

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं? फक्त ट्रॅकवर."

तो हसला. अगदी शांतपणे, दुखत नसल्यासारखा. "मी खूप विचार केला, ताई. बसल्या बसल्या दुसरं काय करणार? माझी चूक कुठे झाली ते मला कळलंय. मी पाय रेटला. रेटायला नको होता. टेम्पोच्या पुढून निघून गेलो असतो. ऐन वेळी शंका आली."

बायको दारातून आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला.

"ते वाक्य माझं नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "त्यांनी पहिला शब्द कापलाय. मी 'ट्रॅकवर' म्हटलं होतं. नंतरही होतं काहीतरी, मागचे सगळे पडतात म्हणून..."

"माहीत आहे मला. ट्रॅकवरच्या जुन्या लोकांनी सांगितलं होतं." तो जरा पुढे झुकला. "पण मी उद्घाटनाला होतो. तुमच्यापासून दोन पावलांवर. कापलेलं ऐकलं तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय. तुम्हाला ते तसंच खरं वाटलं होतं."

ताई उठली. घरी आल्यावर पत्र्याची पेटी उचलून परत वर ठेवली.

मग तिने आपल्या परीने जे करता येईल ते केलं. भावाला कॅमेरा धरायला लावून एक फिल्म काढली. दुकानाची मळकी भिंत, ती एप्रन घालून उभी, आणि अख्खं वाक्य. रस्त्यावर ब्रेक लावा, भोक आम्ही फुकट पाडून देतो, या. ती फार कुणी पाहिली नाही. ज्यांनी पाहिली त्यांनी खाली लिहिलं, बाई म्हातारी झाली. बाईला शंका आली. कुणीतरी हसण्याची चित्रं लावली होती. थोडे लोक आले, पाच-सहा असतील. ती तळहात सोलवटलेली मुलगी आली. नवऱ्याने एकेका चिमट्याला भोक पाडलं, ब्रेक बसवला, आणि प्रत्येकाला गल्लीत दोन फेऱ्या मारून दाखवायला लावल्या. ताई दाराशी उभी राहून पुढच्यांची वाट बघायची. उतारावरून घरघर यायची आणि निघून जायची.

डेंटिस्टच्या अपघाताची बातमी कंपनीपर्यंत पोचली होती. त्यांनी काय केलं असेल? त्याला नवी सायकल पाठवली, भेट म्हणून. खोक्याला फीत बांधून. सळ्या काढलेल्या हाताने तो ती धरून उभा आहे असा फोटो त्यांनी काढला आणि सगळीकडे लावला. खाली तेच तीन शब्द.

त्याच्या बायकोचा ताईला सकाळी सकाळी फोन आला. "तो खाली उतरतोय. गाडीची किल्ली मी लपवली नाही, ती त्याला नकोच आहे."

ताईने आपली जुनी रस्त्यावरची सायकल काढली. दोन ब्रेक, घंटी, मडगार्ड. गुडघ्याला पट्टा बांधला. त्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा तो नुकताच बाहेर पडत होता.

"ट्रॅकला चाललात ना? मीही येते," ती म्हणाली. "मी पुढे, तुम्ही मागे. मला मागे टाकायचं नाही. एवढं ऐका."

तो खूश झाला. भिंगरीच्या मागे चालायचं म्हणजे मानच की. आणि ताई पाण्याच्या टाकीचा तो उतार बैलगाडीच्या चालीने उतरली, दोन्ही ब्रेक दाबत, रस्त्याच्या मधोमध, मागच्याला वाट न देता. गाडीवाल्यांनी शिव्या घातल्या. ट्रॅकवर पोचल्यावर तिची बोटं इतकी आखडली होती की हँडलवरून सुटेनात.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "ताई, तू काय त्याची राखण करत जन्म काढणार आहेस?" ती म्हणाली, "मला मागून त्याची चेन ऐकू येते. तोवर बरं असतं." माझा नवरा तिच्या ब्रेकचे रबर बदलून देऊ लागला. न सांगता, रोज संध्याकाळी. ते फार लवकर झिजत होते.

हे असं दोघांपुरतं राहिलं असतं तर निभावलं असतं. पण रस्ता सगळ्यांचा. भिंगरी रोज सकाळी एकाला घेऊन निघते हे कुणीतरी पाहिलं, कुणीतरी पसरवलं. एक मागे लागला. मग दोन. मग जांभळ्या सायकलींची एक रांगच तिच्या मागे येऊ लागली, काही खऱ्या, काही नकली, सगळ्यांच्या अंगावर तसले कोट. तिने थांबून त्यांना झाडलं, हाकललं, हात जोडले. ते ऐकून घ्यायचे, माना हलवायचे, आणि ती निघाली की मागे यायचे. काहींनी फोन दांड्याला बांधून तिचं चित्रण चालवलं होतं.

एकाला ती अडवू शकत होती. इतक्यांना कशी अडवणार?

परवा उतारावर ती नेहमीसारखी मधोमध होती. मागून घरघर वाढली. एक बारीकसा पोरगेला तरुण डाव्या बाजूने तिच्या कोपराला घासून पुढे गेला. ताई ओरडली, "अरे, हळू! टेम्पो असतो तिथे!" त्याने मागे न पाहता एक हात वर केला, निरोप घेतल्यासारखा, आणि खाली गेला. त्याच्या मागे दुसरा. मग डेंटिस्टची चेन तिच्या मागून तिच्या शेजारी आली, क्षणभर तिथेच राहिली, आणि पुढे गेली.

खाली त्या वेळी टेम्पो नव्हता. काहीच नव्हतं. सगळे सुखरूप मोठ्या रस्त्याला लागले आणि वळून तिच्यासाठी टाळ्या वाजवत थांबले.

ताई घरी आली, एप्रन न घालताच चाकाच्या स्टँडपाशी बसली. एक तार छेडली, पुढची छेडली, आणि मग हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिली. नवऱ्याने मला खुणेने विचारलं. माहीत नाही अशी मी मान हलवली. तिला आम्ही दोघांनी त्या दिवशी पुष्कळ समजावलं, उद्यापासून जाऊ नकोस, तू गेलीस म्हणून ते थांबत नाहीत आणि नाही गेलीस म्हणून काही व्हायचं राहणार नाही. तिने ऐकून घेतलं. नवऱ्याने ब्रेकला नवे रबर घातले.

आज सकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर निघाली. मी खिडकीचा पडदा सारला. चौकात ते आधीच जमले होते, कालच्यापेक्षा जास्त, कॉलरी वर करून, एक पाय जमिनीवर टेकून. ताईला पाहताच सगळ्यांनी जमिनीवरचे पाय उचलून पायडलवर ठेवले.